नातवाच्या हातात पेन्सिल कधी द्यायची?

प्रश्न : आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. आम्ही दोघंही नोकरी करतो. सकाळी साडेआठपासून संध्याकाळी सातपर्यंत तो सासू-सासऱ्यांकडे असतो, मधले तीन तास शाळा. शाळा आम्ही मुद्दाम खेळातून शिकवणारी, मराठी माध्यमाची निवडली. तिथे पहिली दोन वर्षं लिहायला देत नाहीत. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, त्यांना हे अजिबात पटलेलं नाही. 'हे परदेशी खूळ आहे, पैसे भरून पोरं मातीत खेळतात' असं ते येणाऱ्या-जाणाऱ्यालाही सांगतात. रोज दुपारी मुलगा झोपेतून उठला की ते त्याला पाटीवर 'अ' गिरवायला बसवतात. हल्ली पाटी दिसली की तो सासूबाईंच्या मागे लपतो. नवरा म्हणतो, 'बाबांनी आम्हाला असंच शिकवलं, आमचं काय बिघडलं?' खरंच काही बिघडतं का? आणि बिघडत असेल तर सासऱ्यांना ते कोणी आणि कसं सांगायचं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. साडेतीनव्या वर्षी पाटीवर 'अ' गिरवल्यानं मुलाचा हात अधू होत नाही की बुद्धी खुंटत नाही. पण तुमचा मुलगा पाटी पाहून लपतो, हे नक्की बिघडलेलं आहे. अक्षरांशी त्याची पहिली ओळख धास्तीची झाली आहे, आणि ती धास्ती रोज दुपारी थोडी थोडी पक्की होते आहे. म्हणून दुपारची पाटी सध्या थांबायला हवी. ती थांबवायचा निर्णय तुम्हा दोघांचा आहे, आणि तो तुम्ही घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कारण सांगते. उद्या तो पेन्सिल धरेल तेव्हा त्याच्या हाताकडे नीट पाहा, जमलं तर आजोबांनाही शेजारी बसवा. या वयाची बरीच मुलं पेन्सिल मुठीत धरतात, नाहीतर सगळी बोटं तिच्याभोवती गोळा करतात. रेघ ओढताना बोटं जागची हलत नाहीत, खांद्यापासून अख्खा हात हलतो, त्यामुळे रेघ पाटीच्या चौकटीबाहेर जाते. आणि 'अ' काढायला काय काय लागतं ते पाहा. वरचा अर्धगोल, त्याला जोडून खालचा अर्धगोल, मधून आडवी रेघ, मग काना, वर शिरोरेघा. प्रत्येक वळणावर हात थांबवायचा, दिशा बदलायची आणि आधीच्या रेघेला नेमकं जाऊन भिडायचं. हे काम खांद्याला जमत नाही. ते अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांचं काम आहे, आणि ती पकड बहुतेक मुलांत चार ते सहा या वयात बसते. तोवर मूल सगळा जोर लावून लिहितं. बोटांची पेरं पांढरी पडतात, पेन्सिलीचं टोक मोडतं, आणि मग 'हात दुखला' म्हणून ते उठतं. ते खोटं बोलत नसतं.

मनगटाच्या एक्स-रेचं एक चित्र मोबाइलवर फिरत असतं, तुम्हीही ते पाहिलं असेल. मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्मतः ती कूर्चेची असतात आणि एकेक करून त्यांचं हाड होत जातं. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत त्यातली साधारण तीन-चारच दिसतात. माहिती खरी आहे. पण लिहिल्यानं हाडं वाकडी होतात, असा तिचा अर्थ होत नाही. सासऱ्यांना घाबरवायला ते चित्र वापरू नका. ते शिकलेले आहेत, खातरजमा करतील, आणि मग तुमचं खरं म्हणणंही ऐकणार नाहीत.

त्यांच्याशी बोलायचा योग्य धागा त्यांच्याच अनुभवात आहे. पहिलीच्या वर्गात त्यांनी 'अ'पासून सुरुवात केली होती का, हे त्यांना विचारा. मराठी शाळांतले जुने शिक्षक वळणं सारखी असलेल्या अक्षरांचे गट करून शिकवत आले आहेत, ग, म, भ, न हा त्यातला सर्वांच्या तोंडी असलेला गट. 'अ' हे अवघड वळण आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? शिवाय त्यांच्यासमोर बसलेली मुलं सहा वर्षांची होती. त्यांचा अनुभव सोन्यासारखा आहे, पण तो सहा वर्षांच्या मुलांचा आहे. साडेतीन वर्षांचं मूल त्यांच्या वर्गात कधी नव्हतंच.

यात आपल्या लिपीचाही वाटा आहे. सव्वीस अक्षरं पाठ केली की संपलं, असं देवनागरीचं नाही. छत्तीस व्यंजनांना बाराखडी लावली की चारशेच्या वर आकार होतात, जोडाक्षरं वेगळीच. आपल्यासारखीच रचना असलेल्या कन्नड लिपीवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं, की या लिपीवर पकड यायला मुलांना प्राथमिक शाळेची पहिली काही वर्षं पुरी लागतात. म्हणजे हा लांबचा रस्ता आहे, आणि दोन वर्षं आधी निघाल्यानं मुक्काम दोन वर्षं आधी येत नाही. सेबॅस्टियन सुगेट या संशोधकानं न्यूझीलंडमध्ये पाचव्या वर्षी वाचन शिकू लागलेली आणि सातव्या वर्षी शिकू लागलेली मुलं ताडून पाहिली. अकराव्या वर्षापर्यंत दोघांच्या वाचनात फरक उरला नव्हता. फिनलंडमध्ये मुलं सातव्या वर्षी पहिलीत जातात, आणि त्यामुळे तिथली मुलं वाचनात मागे राहिलेली नाहीत.

राहता राहिलं 'परदेशी खूळ'. सासऱ्यांचा हा समज तुम्ही जरूर दूर करा, कारण तो आपल्याच माणसांवर अन्याय करणारा आहे. १९२६ साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. गिजुभाई मूळचे वकील. मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते मॉन्टेसरींच्या पुस्तकांकडे वळले आणि भावनगरच्या बालमंदिरात इतके रमले, की गुजरातेत लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणू लागले. ताराबाईंनी १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर या बायका मुलांच्या अंगणात जाऊन बसल्या, आणि 'अंगणवाडी' उभी राहिली ती तिथून. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवल्या. मॉन्टेसरींची साधनं गावाला परवडणारी नव्हती, म्हणून गारगोट्या, शिंपले, बिया, पानं आणि काड्या वापरून मोजायला, लावायला आणि जुळवायला शिकवलं. तुमच्या शाळेत मुलं मातीत खेळतात त्याच्यामागे ही सगळी परंपरा आहे, आणि ती पालघर जिल्ह्यातली आहे.

सासरे एक उलटा दाखला देऊ शकतात, त्याचीही तयारी ठेवा. १९०७ साली मॉन्टेसरींनी रोममध्ये काढलेल्या पहिल्या बालगृहात चार-पाच वर्षांची मुलं आपण होऊन लिहू लागली होती. हे खरं आहे. पण त्याआधी त्या मुलांचे हात बराच काळ तयार केले होते. खरबरीत कागदाची कापलेली अक्षरं ती बोटांनी गिरवत, दांड्या धरून लाकडी आकार खाचेत बसवत. आपल्याकडे पाटीच्या आधी धूळपाटी होती, मुलं बोटानं धुळीत अक्षर काढत. तुमच्या घरी मार्ग निघायचा तर तो इथून निघेल. परातीत रव्याचा पातळ थर पसरा आणि आजोबा-नातवाला समोरासमोर बसू द्या. बोटानं रेघा, गोल, नागमोडी, आणि नातवानं मागितलं तरच एखादं अक्षर. चुकलं तर परात हलवली की पुसलं. पेन्सिल पकडायची नाही, चौकटीत राहायचं नाही, खोडायचं नाही. आजोबांना वळण शिकवल्याचं समाधान आणि मुलाला खेळ, दोन्ही साधतं.

पण माणूस हट्टाला का पेटतो, हे समजून न घेता पद्धत सांगण्यात अर्थ नाही. तुमचे सासरे ज्या काळात जन्मले, त्या १९६१च्या जनगणनेत देशात शंभरातले जेमतेम २८ लोक साक्षर होते. त्यांच्या पिढीत अक्षर आलं म्हणून नोकरी आली, नोकरी आली म्हणून गावातली गरिबी सुटली. पाटी-पेन्सिल त्यांच्यासाठी घराण्याचं नशीब बदलणारी वस्तू आहे. नातू मातीत खेळताना पाहून त्यांना आपण मागे चाललो की काय अशी भीती वाटते. त्यात निवृत्ती. चाळीसेक वर्षं ज्याच्या हाताखाली गावची पोरं शिकली, त्या माणसाला स्वतःच्या नातवाला शिकवायची मुभा नाही, असं त्यांना वाटत असेल. ही भीती आणि हे दुःख दोन्ही खरं आहे, आणि त्याची दखल घेतल्याशिवाय ते तुमचं ऐकणार नाहीत.

आता कोणी सांगायचं. तुमच्या नवऱ्यानं. सुनेनं सासऱ्यांना शिक्षणाविषयी सुनावलं की पाटीचा विषय बाजूला राहतो आणि मानापमान सुरू होतो. 'आमचं काय बिघडलं' असं म्हणून नवऱ्यानं यातून अंग काढून घेतलं आहे, ते बरोबर नाही. मूल दोघांचं आहे. त्यानं वडिलांबरोबर एकट्यानं, फिरायला गेल्यावर वगैरे, बोलावं. साधं बोलावं : "बाबा, तो पाटीला घाबरायला लागलाय. मला ते बघवत नाही. लिहिणं आपण दोन वर्षांनी सुरू करू आणि ते तुम्हीच शिकवायचं. तोवर त्याला तुमच्याकडून दुसरं बरंच हवंय." यात शाळेच्या बाईंचं नाव नाही, इंटरनेटवरचा लेख नाही, बायकोचं मत नाही. मुलाच्या तोंडून आलेली विनंती वडील सहसा मोडत नाहीत. आणि दोन वर्षांनंतरचा शब्द मात्र पाळायचा.

मग शाळेच्या बाईंना विचारून सासऱ्यांना एक दिवस वर्गात नेऊन बसवा. मुलं मणी ओवतात, कात्रीनं कागद कापतात, पाण्याचा पेला न सांडता नेतात, यामागचा हेतू मुख्याध्यापकाच्या नजरेला सांगावा लागत नाही. बहुतेक शाळांना गोष्ट सांगणारे आजोबा हवेच असतात.

घरी त्यांच्याकडून 'दुसरं' काय हवं आहे, ते मोघम ठेवू नका. आधी पाठांतर. तुमच्या पिढीनं पाठांतराला नावं ठेवली, पण तालातली गाणी, श्लोक, बडबडगीतं, परवचा यांचं मोल वाचनाच्या दृष्टीनं फार मोठं आहे. ब्रॅडली आणि ब्रायंट या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९८३ साली दाखवलं, की चार-पाच वर्षांच्या ज्या मुलांना यमक चटकन ओळखता येतं, ती पुढे वाचायला सहज शिकतात. शब्द कानांनी फोडता येणं ही वाचनाची पहिली पायरी आहे आणि ती पाटीशिवाय चढता येते. संध्याकाळी दिवा लावल्यावर आजोबा-नातू जे म्हणत असतील ते चालू ठेवा. नसतील म्हणत तर सुरू करायला सांगा. फक्त पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायची सक्ती नको.

दुसरं, हाताची कामं, आणि इथे सासूबाईंचाही वाटा आहे. मटार सोलताना मूल शेंगेच्या शिवणीवर अंगठा दाबतं, ती फुटली की दोन बोटांनी एकेक दाणा सोडवतं, निसटलेला दाणा जमिनीवरून चिमटीत उचलतं. लिहिण्यासाठी लागणारी पकड हीच. कणकेचे गोळे, चिंचोके मोजून डबीत भरणं, कपड्यांना चिमटे लावणं, ठिपक्यांवर रांगोळीची चिमूट सोडणं, या सगळ्यानं ती पकड तयार होते. तिसरं, मोजणं. जेवायला पाच माणसं असतील तर पाच ताटं मांडायची, एक पाहुणा वाढला तर किती, हे गणित आजोबांनी रोज करून घ्यावं. भाजी आणायला नातवाला बरोबर न्यावं, दोन लिंबं त्याला निवडू द्यावीत. एवढं झालं की दुपार भरून जाते.

तुम्हालाही थोडं सांगायचं आहे. तुमचं मूल दिवसातले सात-आठ तास ज्यांच्याकडे असतं, त्या दोन माणसांना पगार नाही, रजा नाही, आणि संध्याकाळी तुम्ही घरी आल्यावर त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा चुकाच येतात. शाळा निवडताना त्यांना विचारलं होतं का? तुमच्या पत्रावरून वाटतं, नसावं. निर्णय आई-वडिलांचा, हे मी वर म्हटलंच आहे. पण ज्यांनी तो रोज निभवायचा त्यांना आधी विचारणं ही साधी रीत आहे. इथून पुढे तरी ती पाळा. आणि 'खेळातून शिक्षण' असं पाटीवर लिहिलेली प्रत्येक शाळा तसं करते असं नाही. प्लास्टिकची घसरगुंडी आणि मोठ्या आवाजातली गाणी म्हणजे बालशिक्षण नव्हे. सासऱ्यांनी शाळेबद्दल नेमकी तक्रार केली, बाई सतत बदलतात, मुलं दिवसभर नुसती भटकतात, तर ती ऐकून घ्या. त्यांना शाळा कळते.

दोन ठिकाणी मात्र तडजोड नको. पाटीवरून चापटी किंवा 'शेजारची मुलगी बघ कशी लिहिते' हे घरात चालणार नाही, असं नवऱ्यानं वडिलांना ठाम सांगावं. आणि तुम्ही मुलासमोर 'आजोबांना काही कळत नाही' म्हणायचं नाही. ज्यांच्याकडे तो दिवसभर राहतो त्यांची किंमत त्याच्या नजरेत उतरली, तर त्याला कोणाचंच ऐकावंसं वाटणार नाही.

प्रश्न : मी मूळची सांगलीची, सध्या मुलाकडे पुण्यात असते. नात अडीच वर्षांची. तिला मोठ्या इंग्रजी शाळेत घालायचंय म्हणून मुलगा-सून तिच्याशी इंग्रजीतच बोलतात आणि मलाही तसंच बोला म्हणतात, नाहीतर ती गोंधळेल. मला इंग्रजी येत नाही. 'कम', 'सिट', 'ईट' एवढंच म्हणते आणि बाकी वेळ गप्प बसते. माझ्यामुळे तिचं नुकसान होईल का?
– एक आजी, पुणे

उत्तर : आजी, नुकसान तुमच्या गप्प बसण्यानं होतं आहे. तुम्ही नातीशी मराठीतच बोला, आणि भरपूर बोला.

लहान मुलं दोन भाषांनी गोंधळत नाहीत. आई-बाबांची एक आणि आजीची एक, हे त्यांना फार लवकर उमगतं. मधूनच एका वाक्यात दोन्ही भाषांचे शब्द आले तरी घाबरायचं कारण नाही, दोन भाषांत वाढणारी सगळी मुलं तसं करतात. मुलाची भाषा वाढते ती त्याच्याशी कोणीतरी मनापासून, सविस्तर बोललं की. 'कम', 'सिट' या आज्ञा आहेत, त्यात बोलणं नाही. तुम्ही भाजी निवडता निवडता सांगाल, की ही मेथी काल पावसात भिजली म्हणून मऊ पडलीये, हे देठ टाकायचे नाहीत, गाईला देऊ, तुझा बाबा लहानपणी मेथी खायचाच नाही, तेव्हा त्यात कारण आहे, काळ आहे, माणूस आहे, गोष्ट आहे. विचार करायला शिकवणारी भाषा ही असते, आणि ती तुमच्याकडे मराठीत आहे. तुमच्या बोलण्यात सांगलीचा हेल असेल तर तोही राहू द्या.

हे मुलाला आणि सुनेला वाचून दाखवा. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत मानला आहे, आणि २०२२ सालच्या त्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात या टप्प्यावर घरच्या भाषेवर भर आहे. त्याच आराखड्यानुसार तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पाठ्यपुस्तकंसुद्धा नकोत. प्रवेशाच्या मुलाखतीसाठी ही तयारी चालली असेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार शाळेला प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही. इंग्रजी शाळेत घालायचं की नाही, हे ठरवायला ते मोकळे आहेत. त्यांचं स्वतःचं इंग्रजी सहज असेल तर घरी जरूर बोलावं. पण आजीच्या तोंडाला कुलूप लावून घरात इंग्रजी वाढत नाही. नातीच्या वाट्याचं मराठी तेवढं कमी होतं.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा, सगळं डाव्या हातानं करतो. आई म्हणते आत्ताच वळण लावा. आम्ही नको म्हणतो. घरात रोज वाद.
– एक वडील, नाशिक

उत्तर : हात बदलू नका. शंभरात दहा माणसं डावखुरी असतात, त्यात दोष काही नाही. लिहिणं, चित्र काढणं, कात्री, चेंडू, सगळं त्याला डाव्या हातानं करू द्या, आणि डावखुऱ्यांची कात्री मिळते ती आणा. आईंचा जीव बहुधा प्रसाद आणि पूजेत अडकला असेल. प्रसाद उजव्या हातात घ्यायचा ही रीत म्हणून त्याला शिकवायला हरकत नाही, मुलं ती हसत पाळतात. तेवढं आईंसाठी करा आणि पाटी-पेन्सिल डाव्या हातात राहू द्या.

प्रश्न : माझी मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. 'आई', 'बाबा', 'पापा' आणि दोन-तीन शब्द, एवढंच बोलते. मला डॉक्टरकडे जायचंय. सासूबाई म्हणतात, 'हिचा बापही तीन वर्षांनी बोलला, आमच्या घराण्यातच उशीर आहे, उगाच पोरीला दवाखान्यात नेऊन नाव ठेवून घेऊ नकोस.' घरच्यांना दुखवायचं नाहीये. थांबू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : थांबू नका.

बाकीच्या वादांत मी मधला मार्ग शोधला, इथे तो नाही. दोन वर्षांचं मूल साधारणपणे दोन शब्द जोडतं, 'बाबा गेला', 'पाणी दे' अशासारखे. तुमची मुलगी अजून तिथे पोहोचलेली नाही. ती उशिरा बोलणाऱ्या मुलांपैकी असेल आणि सासूबाईंचं म्हणणं खरं ठरेल, अशी शक्यता आहे, आणि तसं झालं तर उत्तमच. पण तिला कमी ऐकू येत असेल तर वाट पाहण्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत. कमी ऐकू येणारी मुलं हाक मारल्यावर वळतातही, आवाज झाला की दचकतातही, त्यामुळे घरच्यांच्या ते लक्षात येत नाही. श्रवणयंत्र असो किंवा वाचा-उपचार, जितक्या लवकर सुरू होतील तितका त्यांचा उपयोग जास्त.

सासूबाईंना दुखवायचं नसेल तर 'डॉक्टरकडे' म्हणू नका, 'कान तपासून घेऊ' म्हणा, आणि त्यांना बरोबर न्या. तपासणीत दुखत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उभारली आहेत, तिथे ही तपासणी मोफत होते. अंगणवाडी ताईंना किंवा जिल्हा रुग्णालयात विचारलं तर पत्ता मिळेल. मुंबईला कोणी नातेवाईक असतील तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, ती याच कामासाठी आहे. मुलीच्या हातात मोबाइल असेल तर तो आजपासून बंद करा. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं दिवसाला एका तासाची कमाल मर्यादा घातली आहे आणि त्याहून कमी तितकं बरं म्हटलं आहे. पण मोबाइल बंद करून महिनाभर वाट पाहू, असं मात्र ठरवू नका.

नवऱ्याला हे पत्र आजच दाखवा आणि याच आठवड्यात तिचे कान तपासून घ्या.